कानानं शिकलेली अ‍ॅनाटॉमी

प्रतिभा गांगुर्डे लग्न होऊन नाशिकरोडला आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे लताबाईंनी, सगळ्या गल्लीला अभिमानानं सांगून टाकलं की सून ऑक्युपेशनल थेरपी शिकलेली आहे. ऑक्युपेशन म्हणजे कामधंदा, एवढं इंग्रजी गल्लीला येत होतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात समोरच्या बाई आपल्या बी.कॉम. झालेल्या मुलाचा बायोडेटा घेऊन दारात हजर झाल्या.

"कुठंही चिकटवा त्याला. रात्रपाळीलाही त्याची ना नाही."

नव्या सुनेनं त्यांना बसवून, पाणी देऊन, नीट समजावलं. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा शर्टाची बटणं लावता यावीत, हात तुटून जोडलेल्या बाईला पुन्हा वेणी घालता यावी, कुलपात किल्ली फिरवता यावी, हे आमचं काम. समोरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना लताबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे पगार नाही का हिला?"

पगार पुढे मिळाला. शहराच्या कडेला नवं ऑक्युपेशनल थेरपी कॉलेज निघालं होतं. तिथं अ‍ॅनाटॉमी शिकवायला कोणी मिळेना. कागदावर एक डॉक्टर होते, ते सत्राच्या सुरुवातीला येऊन शुभेच्छा देत आणि सत्राच्या शेवटी येऊन पेपर काढत. मधलं सगळं तात्पुरतं म्हणून प्रतिभाबाईंकडे आलं आणि सरकारी कामात तात्पुरतं जसं कायमचं होतं तसं ते त्यांच्याकडेच राहिलं. त्या गांगुर्डे मॅडम झाल्या.

मॅडम शिकवायच्या मात्र अशा, की पोरं तास बुडवून घरी जायच्याऐवजी दुसरे तास बुडवून त्यांच्या वर्गात येऊन बसायची. मानेतून निघून काखेत येणारं आणि तिथून सगळ्या हातात पसरणारं नर्व्ह्जचं एक जाळं असतं. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात आणि पहिल्या वर्षाची निम्मी पोरं त्यातच गारद होतात. मॅडम फळ्यावर त्याचा नाशिकचा गजबजलेला द्वारका चौक करायच्या.

"पाच रस्ते वरून येतात. चौकात एकमेकांत घुसतात, कोण कुठून आला ते चौकातल्या पोलिसालाही कळत नाही. पण बाहेर पडताना प्रत्येकाला आपला रस्ता असतो. ही मस्क्युलोक्युटेनियस, ही शालिमारपर्यंतच जाते. ही रेडियल, मागच्या अंगानं ओझरला. ही अल्नर, पाथर्डी फाटा. आणि मेडियन सरळ नाशिकरोड. आता सांगा, द्वारकेला ट्रक उलटला तर नाशिकरोडच्या माणसाला काय होईल?"

"उशीर होईल, मॅडम!"

"उशीर नाही, मुंग्या येतील. बोटांना. दुखणं एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे, हे लक्षात ठेवा."

पोरं इतकं लक्षात ठेवायची, की एका परीक्षेत कुणीतरी सरळ लिहून आलं, 'मेडियन नर्व्ह नाशिकरोडला जाते.' पुण्याहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून कडेला लिहिलं, 'संदर्भ द्यावा.'

जिवंत माणसाच्या शरीराचं मॅडमना भारी प्रेम. लग्नात नवरी हार घालायला हात वर करायची तेव्हा सगळे तिचं तोंड बघायचे, मॅडम खांदा. सिटी बसमध्ये दांडा धरून उभ्या असलेल्या माणसांचे हात त्या इतक्या निरखून बघायच्या, की एकदा एका गृहस्थांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

भीती होती ती मेलेल्या शरीराची. आणि ही गोष्ट कॉलेजात कोणालाही ठाऊक नव्हती.

मुंबईत शिकत असताना पहिल्या वर्षी त्यांची तुकडी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये नेली होती. प्रतिभा दारातच पडली. हनुवटीला टाके पडले. पुढचं सगळं वर्ष ती वर्गातल्या दोन उंच पारशी मुलींच्या मागे, डोळे मिटून उभी राहिली. सर काय सांगतात ते ऐकायचं, खोलीवर जाऊन पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघायचं. पास तर झालीच, वर विषयात पहिली आली. कानानं अ‍ॅनाटॉमी शिकलेली ती बहुधा एकटीच.

आता मुलांना शव दाखवायला जवळच्या एका मेडिकल कॉलेजात न्यायचं, असं अभ्यासक्रमात होतं. मॅडमनी ते वर्षानुवर्षं टाळलं. एका वर्षी तिथं परीक्षा चालू होत्या म्हणून. एका वर्षी सिंहस्थाच्या बंदोबस्तामुळे रस्ते बंद म्हणून. तेव्हा सिंहस्थ उरकून दोन महिने झाले होते, पण जुने प्राचार्य निवृत्तीकडे तोंड करून बसलेले असल्यानं त्यांनी खिडकीतून बघितलं नाही. एका वर्षी बस मिळाली नाही. बस मिळू नये याची काळजी मॅडमनी स्वतः घेतली होती. मग कोरोना आला आणि कारण शोधायचे कष्टच वाचले.

आणि मग नव्या प्राचार्य आल्या. डॉ. रोहिणी शेलार. पहिल्या बैठकीत त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुमच्या मुलांनी अजून बॉडी पाहिलेली नाही?"

"पाहिली ना मॅडम. पीपीटीत."

"पीपीटीत मी पॅरिससुद्धा पाहिलंय," शेलार मॅडम म्हणाल्या. तिथल्या तिथे फोन उचलून त्यांनी मेडिकल कॉलेजशी बोलणं केलं, बस ठरवली, गुरुवार ठरवला आणि "तुम्ही स्वतः जा बरोबर," असं वर सांगितलं.

घरी आल्यावर मॅडमनी नवऱ्याला सांगितलं. अश्विन महापालिकेच्या पाणीपट्टी विभागात होते आणि कुठल्याही अडचणीवर टप्प्याटप्प्यानं जायचं असतं यावर त्यांचा विश्वास होता. "आधी व्हिडिओ बघू. रोज थोडा थोडा. सवय होते." ते दोघं सोफ्यावर बसले. मॅडमनी बोटांच्या फटीतून बघितलं. अश्विननी पूर्ण बघितलं आणि त्या रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी फक्त ताक प्यायले.

"तू जा बाई," ते म्हणाले, "मला नको विचारू."

लताबाई टीव्ही बघत होत्या. सायखेड्यात वाढलेल्या, नाशिकरोडला निम्मं आयुष्य काढलं तरी बोलणं गोदाकाठचंच राहिलेलं. मालिकेत जाहिराती लागल्या तशी त्यांनी मान वळवली.

"कशाला भ्यायाचं त्याच्यात? तुझ्या सासऱ्यास्नी शेवटची आंघोळ मीच घातली. जितेपणी कधी घालू दिली नाय, पाणी गरम नाय म्हणून वरडायचे. त्या दिवशी गप पडून ऱ्हायले. मी म्हणलं, आता कसं?"

"तुम्हाला भीती नाही वाटली, आई?"

"भीती कसली, माणूस घरातलाच. रडू आलं लय. पण ते नंतर. आंघोळ होईस्तोवर नाय." जाहिराती संपल्या आणि लताबाई परत मालिकेत गेल्या.

गुरुवारी बस सुटली. मॅडमनी पर्समध्ये कापराच्या वड्या, लिंबू आणि आल्याची पाचकं भरून घेतली होती. पण त्यांचा खरा भरवसा होता नवनाथवर. नवनाथ देवळ्याकडचा. सहा फुटांचा, तालमीत जाणारा, पाठ अशी की दोन माणसांनी मागे उभं राहून डबा खावा. वर्गात तो अगदी पुस्तकी मराठी बोलायचा, मधूनमधून इंग्रजी पेरायचा. मॅडमचा बेत साधा होता. नवनाथच्या मागे उभं राहायचं. जे मुंबईत दोन मुलींनी केलं ते इथं हा एकटा करील. समजावून सांगायला मेडिकल कॉलेजचे डॉक्टर होतेच.

"नवनाथ, तुला काही होणार नाही ना रे?" बसमध्ये त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"मॅडम, आमच्याकडे जत्रेत बोकड मीच धरतो," नवनाथ म्हणाला. "आय अ‍ॅम यूज्ड टू इट."

हॉलच्या दारात त्यांना रावजी भेटले. रावजी म्हणजे तिथले जुने कर्मचारी. शवांची निगा, चादरी, चाव्या, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी दार उघडलं आणि फॉर्मालिनचा वास असा अंगावर आला की पोरापोरींच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"रडताय कशाला?" रावजी म्हणाले. "तुमच्या नात्यातलं हाय का कोणी? वास हाय तो. सवय होते. मी इथंच डबा खातो."

एवढ्यात निरोप आला. डॉक्टरांना अचानक तपासणी समितीसमोर बसावं लागलं होतं. त्यांनी सांगून पाठवलं होतं की गांगुर्डे मॅडमचं नाव ऐकून आहे, त्यांनीच मुलांना दाखवावं, माझ्यापेक्षा बरं दाखवतील.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. पण अजून नवनाथ होता. त्या त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "आधी सगळ्यांनी नुसतं शांतपणे बघून घ्या," त्या पाठीआडून म्हणाल्या. "निरीक्षण महत्त्वाचं." निरीक्षणात तास काढावा आणि घरी जावं, असा त्यांचा विचार होता.

रावजींनी चादर काढली.

मग मॅडमच्या डोळ्यांपुढची पाठ हलली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली आणि सगळी भिंतच्या भिंत मागे आली. मॅडमनी दोन्ही हात पुढे केले. नवनाथ त्यांच्यासकट खाली गेला, पण हळू गेला. डोकं आपटलं नाही, कारण ते मॅडमच्या मांडीवर पडलं.

"सरका, वारा येऊ द्या! पाय वर करा त्याचे! स्टूल आणा!" मॅडम ओरडल्या. कापूर पर्समध्ये, पर्स दाराशी. कोणीतरी स्टूल आणलं, कोणीतरी पाय उचलले, ते इतके जड होते की उचलणाऱ्यालाच घेरी आली आणि तो भिंतीला धरून खाली बसला. तिसरी एक मुलगी ते दोघे पडलेले बघून पडली. मॅडम एकाची कॉलर सैल कर, दुसरीचं डोकं खाली कर, असं करत गुडघ्यांवर फिरत होत्या. रावजी शांतपणे म्हणाले, "या वर्षी कमी पडली. मागची तुकडी बघायची होती तुम्ही."

नवनाथनं डोळे उघडले. वरचा पंखा पाहिला, मॅडमचा चेहरा पाहिला, आणि सगळी पुस्तकी मराठी विसरून घरच्या अहिराणीत म्हणाला, "माय वं, मी कोठे शे?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. आणि मग उभं राहायला म्हणून त्यांनी आधारासाठी जे धरलं, ते टेबल होतं.

समोर माणूस होता. साठी ओलांडलेला असावा. चेहरा फडक्यानं झाकलेला. डावा हात आणि काख आधीच उघडून ठेवलेली. मॅडमनी पडायची वाट बघितली. पायातून ती जुनी थंडी वर येईल, कान वाजतील, मग काळोख. थंडी आली नाही. बहुतेक पडायचं राहून गेलं होतं; मधल्या धावपळीत तिची वेळ टळली होती.

"मॅडम," शेजारून तृप्ती म्हणाली. तृप्ती विंचूरची, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. तिनं हातमोजे घातले होते आणि काखेवर वाकली होती. "मॅडम, द्वारका कुठंय?"

मॅडम वाकल्या. बघितलं आणि गडबडल्या. इतकी वर्षं फळ्यावर त्या नर्व्ह पिवळ्या खडूनं काढत आल्या होत्या, रक्तवाहिन्या लाल आणि निळ्या. इथं पिवळं काही नव्हतं. सगळं एकाच मळक्या, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं. चौक नाही, पोलीस नाही. सगळे रस्ते एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले, जणू महापालिकेनं एकाच वेळी सगळे खोदून ठेवले आहेत.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. "मलाही शोधावं लागेल."

त्यांनी हातमोजे चढवले. सवय होती ऐकायची. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मुंबईच्या सरांचा आवाज आठवला: एक नर्व्ह अशी आहे जी बाजूनं जात नाही, स्नायूला भोसकून आरपार जाते. ती सापडली की बाकीच्या सापडल्या. बोटं हळूहळू सरकली. एक दोरी स्नायूत शिरत होती.

"ही! ही बघा शालिमारची!" मॅडम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की भिंतीपाशी बसलेला मुलगा उठून उभा राहिला. "आता तिच्या शेजारून खाली या. दोन मुळं येऊन मिळतात, इंग्रजी एमसारखं. मधली कोण?"

"नाशिकरोड!"

"बरोबर! धर, हात लावून बघ, तृप्ती. घाबरू नको. दोरीसारखी लागते की नाही? रक्तवाहिनी दाबली की चपटी होते, ही होत नाही."

मग मॅडमना थांबवणं कोणाला शक्य नव्हतं. त्या मनगटापर्यंत आल्या. तिथं बोटं हलवणाऱ्या कंडरांचा, पांढऱ्या दोऱ्यांचा जुडगा होता. त्यातली एक त्यांनी चिमटीत धरून ओढली आणि टेबलावरच्या त्या हाताची तर्जनी किंचित, अगदी किंचित, वाकली.

हात कोणाला बोलवत असावा तसं ते बोट वाकलं होतं. मॅडमनी दोरी सोडली. बोट परत गेलं नाही, तसंच राहिलं. मॅडमनी ते दोन बोटांनी हळूच सरळ केलं.

अंगठ्याच्या आतल्या बाजूला जाड घट्टा होता. "काय करत असतील हे?" तृप्तीनं विचारलं. पोरांनी अंदाज बांधले. शिंपी. गवंडी. कोणी म्हणालं, ढोलवाले. मॅडमनी घट्ट्यावरून अंगठा फिरवला. त्यांनाही सांगता येईना.

रावजी म्हणाले, "बॅंडमधी क्लॅरिनेट वाजवायचे. लय नाव होतं. मरताना म्हणले, हात पोरांच्या कामी येऊ द्या." पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं, या वेळी फॉर्मालिननं नव्हे. मॅडमच्याही आलं. पुढे कितीतरी दिवसांनी त्यांना कळलं, की देहदान करणाऱ्याचं नावसुद्धा रावजींना ठाऊक नसतं, आणि प्रत्येक तुकडीला ते नवी गोष्ट सांगतात. मागच्या तुकडीला हेच गृहस्थ पोस्टमन म्हणून सांगितले होते.

निघताना तृप्ती टेबलापाशी रेंगाळली. तिनं मोजे काढले, हात जोडले, पण काय म्हणावं ते सुचेना. "थँक्यू काका," ती म्हणाली आणि पळाली.

बाहेर ऊन होतं. सगळी कॅन्टीनमध्ये गेली. नवनाथनं मिसळ मागवली, ती सगळ्यात तिखट, आणि जत्रेतलं बोकड जिवंत असताना धरतो, मेल्यावर दुसरे बघतात, असा खुलासा करू लागला. मॅडम काउंटरपाशी उभ्या होत्या. छाती हलकी झाली होती, विजयी वाटत होतं. काउंटरमागच्या पोऱ्यानं सँडविचसाठी टोमॅटो घेतला आणि त्याची चकती कापली.

मॅडम खाली पडल्या.

पोरं धावली. आणि मग जे झालं त्याचं वर्णन पुढे कितीतरी दिवस कॉलेजात होत राहिलं. तृप्तीनं डोकं सांभाळलं. एकानं पाय खुर्चीवर ठेवले. नवनाथनं सगळ्यांना "सरका, वारा येऊ द्या!" असं मॅडमच्याच आवाजात सांगून वारा घातला आणि स्वतः आडवा न होता उभा असल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मॅडमनी डोळे उघडले तेव्हा वर्तुळ करून सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

"मॅडम, तुम्ही देवळ्याच्या का?" कोणीतरी विचारलं.

तिथंच जमिनीवर बसून, सरबत पीत, मॅडमनी सगळं सांगून टाकलं. मुंबईचं दार, हनुवटीचे टाके, दोन उंच मुली, सिंहस्थाचा बंदोबस्त. "आणि आज मी नवनाथच्या मागे का उभी होते, ते कळलं ना?"

"म्हणजे मला तुम्ही आडोसा म्हणून आणलं होतं?" नवनाथ दुखावल्यासारखा म्हणाला.

"हो. आणि नेमका आडोसाच पडला."

पोरं अशी हसली की कॅन्टीनवाल्यानं बाहेर येऊन बघितलं. नवनाथही थोड्या वेळानं हसला, पण परतीच्या बसमध्ये तो मॅडमच्या शेजारी न बसता पुढे जाऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी घरची डाळिंबं घेऊन आला. शेलार मॅडमनी अहवाल मागितला तेव्हा गांगुर्डे मॅडमनी एकूण चार जण पडल्याचं लिहिलं. चौथं कोण, हे शेलार मॅडमनी विचारलं नाही. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी अशी भेट आता दर सत्राला ठेवली.

त्या गुरुवारी संध्याकाळी मॅडम घरी आल्या तेव्हा लताबाई स्वयंपाकघरात होत्या. अश्विन ओट्याशी उभे राहून, नको नको म्हणत, सगळं ऐकत होते.

"पुरुष का बाई?" लताबाईंनी विचारलं.

"पुरुष."

"अंगावर काय होतं?"

"चादर होती. तोंडावर फडकं."

"मंग बरं." लताबाईंनी एक भाकरी तव्यावर टाकली आणि पुढचं पीठ मळायला घेतलं. "माझं बी देऊन टाकायचं. अश्विन, काय असल ते फारम आणून ठेव."

"आई, जेवायच्या वेळी काय हे!"

"मंग कधी सांगू, मेल्यावर?" त्या सुनेकडे वळल्या. "पण तू हजर पायजे. पोरांस्नी हात नीट दाखव. या हातानं सायखेड्यात लय कांदे काटलेत, कोणाचा असला हात नसंल."

मॅडमनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. पिठानं पांढरा झालेला, अंगठ्याच्या मुळाशी चांगला टणक, गरम. त्यांनी बोटानं तो स्नायू चाचपला, मग मनगट किंचित वळवून त्यातली दोरी कशी वर येते ते बघितलं. अजून बघितलं असतं.

"आत्ता सोड," लताबाई म्हणाल्या, "तव्यावरची करपंल."